सही केली, म्हणजे संपलं का?

पत्र, थोडक्यात: पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या ३९ वर्षांच्या एक वाचक लिहितात. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून त्यांची कंबर धरली होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलं म्हणून त्या एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्याकडे, गेल्या. रिसेप्शनवर टॅब पुढे आला, त्यात इंग्रजी मजकुराची चार-पाच पानं. मागे माणसं खोळंबली होती, त्यांनी खाली बोटाने सही केली. आत कंबरेवर उपचार झाले. मग ‘आता मान एकदम सैल सोडा’ म्हणत त्या गृहस्थांनी मान धरली आणि काही कळायच्या आत कडकन वळवली. मानेबद्दल आधी एक शब्दही झाला नव्हता. पुढचे दोन दिवस गरगरत होतं, मान आखडली होती. आता तीन आठवड्यांनी त्रास काही नाही, पण राग जात नाही. नवरा म्हणतो, ‘सही केली होतीस ना? आणि झालंही काही नाही. मग कशाला उगाळत बसतेस?’ त्या विचारतात, न वाचता सही केली म्हणजे चूक माझीच ना? तक्रार करावी की सोडून द्यावं? पत्राच्या शेवटी जाता जाता त्या आणखी एक गोष्ट लिहितात: ‘पुढच्या महिन्यात सासूबाईंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. त्या ७२ वर्षांच्या आहेत. घाबरतील म्हणून त्यांना फारसं सांगितलेलं नाही, सह्या नवराच करणार आहे. तिथे अशी फसगत होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?’

नमस्कार.

रागाचं नंतर बोलू, आधी मानेचं. मानेला असा झटका दिल्यावर एखाद-दोन दिवस दुखणं, आखडणं, डोकं जड वाटणं हे अनेकांना होतं. अशा रुग्णांच्या पाहण्यांमध्ये जवळपास निम्मे जण असं काहीतरी सांगतात. तुमचं थांबलंय हे चांगलंच. तरी एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘मान वळवल्यानंतर दोन दिवस गरगरत होतं’ हे वाक्य गाळू नका. इतर वाचकांसाठीही इथेच सांगते. मान वळवून घेतल्यानंतर कधी नव्हे इतकं मान-डोकं दुखू लागलं, एकाचे दोन दिसू लागले, जीभ अडखळली, गिळता येईना, तोंड वाकडं झालं, अर्धं अंग बधिर झालं किंवा तोल जाऊ लागला, तर ज्याने मान वळवली त्याला फोन लावत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

आता ‘चूक माझीच ना?’

तुम्ही कंबर दाखवायला गेलात. त्या टॅबवर काय लिहिलं होतं हे तुम्हाला आजही माहीत नाही, आणि ज्यांनी तो पुढे केला त्यांनाही पक्कं ठाऊक होतं की या बाईंनी हे वाचलेलं नाही. अशी सही दवाखाना स्वतःच्या बचावासाठी घेऊन ठेवतो. तुम्ही वाचायला हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण काय करणार आहोत, कशासाठी, त्यात धोका काय आणि दुसरा मार्ग कोणता, हे समजावून सांगायचं काम तुमचं नव्हतं. ते त्यांचं होतं आणि त्यांनी ते केलं नाही. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर न विचारता गिझर उघडून बसला तर आपण त्याला जागच्या जागी टोकतो. अंगावर पांढरा कोट असला की आपली जीभ टाळ्याला चिकटते, एवढाच फरक.

हे नुसतं माझं मत आहे असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात याच प्रश्नाचा निकाल लावला. घटना १९९५ मधली, दिल्लीतली. ४४ वर्षांच्या अविवाहित बाई तपासणीसाठी लॅपरोस्कोपी (छोट्या छेदातून दुर्बीण घालून पोटात बघणं) करून घ्यायला दाखल झाल्या. त्यांनी संमतीपत्रावर सही केली होती, त्यात लॅपरोस्कोपीबरोबर ‘गरज पडल्यास पोट उघडावं लागेल’ अशा अर्थाचा उल्लेखही होता. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांना आत काही आढळलं. त्यांनी बाहेर बसलेल्या आईकडून होकार घेतला आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, रुग्णाच्या भल्यासाठीच त्यांनी ते केलं, हे न्यायालयाने मानलं. तरीही निकाल त्यांच्या विरोधात गेला. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही आणि एका उपचाराचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जीव वाचवायची तातडी असेल तर गोष्ट वेगळी, पण इथे तशी तातडी नव्हती, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. डॉक्टरांना ऑपरेशनच्या फीवर पाणी सोडावं लागलं आणि वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम मोठी नाही, पण तत्त्व आजही तेच आहे.

या खटल्यातली आई लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तुमच्या बाबतीत कंबरेचा होकार मानेला चालत नाही. त्या टॅबवर ‘मणक्याचे सर्व उपचार’ असं काही मोघम लिहिलेलं निघालं, तरी प्रत्यक्षात तुमच्याशी मानेबद्दल काही बोलणं झालं का, हा प्रश्न उरतोच. कायरोप्रॅक्टर यावर एक बचाव नेहमी देतात: आधी सांगितलं की माणूस मान ताठ करतो, मग ऍडजस्टमेंट (तो झटका) नीट होत नाही. त्यात तथ्य आहे. झटक्याचा नेमका क्षण सांगून साधत नाही. पण मानेला हात लावायचा की नाही, हे तर पाच मिनिटं आधी, पेशंट खुर्चीत बसलेला असताना विचारता येतं. ‘तुमची मानही आखडलेली दिसते. मी ती झटक्याने मोकळी करू शकतो. दोन दिवस दुखेल. फार क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत. नको असेल तर झटका न देता हळूहळू करू, किंवा आज फक्त कंबरच बघू.’ एवढं बोलायला एक मिनिटही लागत नाही. यानंतर तुम्ही कदाचित होच म्हणाला असतात, आणि मग हे पत्र आलंच नसतं.

त्या पक्षाघाताच्या धोक्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. त्यांच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे अतिशय क्वचित घडतं. शिवाय वाद असा आहे की अशी चीर आधीच पडलेली असेल तर तिनेच मान दुखते, मान दुखते म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो आणि पुढे जे होतं त्याचं खापर झटक्यावर फुटतं. नेमकं कारण कोणतं, हे प्रत्येक वेळी वेगळं काढता येत नाही. हा सगळा वाद जमेस धरूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१४ मध्ये म्हटलं की मानेला झटका देण्याआधी रुग्णाला या संबंधाची कल्पना द्यावी. (दाढी झाल्यावर मान मोडून देणाऱ्या सलूनवाल्याला हे कोण सांगणार, हा प्रश्न आहेच. तिथे आपणच ‘मान नको’ म्हणायचं.)

तरीही तक्रारीचा विचार करताना तुम्हाला अडचणीची बाजूही माहीत असायला हवी. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालापासून, रुग्णाच्या जागी असलेल्या शहाण्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितलाच पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एवढं पुढे जायला नकार दिला. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगावं. पण दूरचे, दुर्मीळ धोके सांगितलेच पाहिजेत असं नाही, ही आपल्याकडची भूमिका. म्हणजे ‘पक्षाघाताचा धोका सांगितला नाही’ एवढ्यावरच तक्रार उभी केलीत तर समोरचा वकील ती हलवून सोडेल. ‘कंबरेसाठी गेले होते, न विचारता मान वळवली’ हा तुमचा भक्कम मुद्दा आहे. तोच धरून ठेवा.

आणि ‘काही झालं नाही ना’? भरपाईच्या हिशोबात याला वजन आहे. दोन दिवसांच्या गरगरण्यासाठी ग्राहक आयोगाकडून मोठी रक्कम मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. पण तुमचा राग त्या दोन दिवसांचा नाहीच, हे नवऱ्याला कळलेलं दिसत नाही. तुमच्या मानेचं काय करायचं हे दुसऱ्याने परस्पर ठरवलं, त्याचा हा राग आहे. मान सुखरूप राहिली म्हणून तो कमी व्हायला हवा असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर लगेच आयोगात गेले नसते आणि गुगलवर एक तारा देऊन मोकळीही झाले नसते. आधी एक ईमेल लिहा. सही केलेल्या फॉर्मची प्रत आणि त्या दिवशीच्या उपचारांची नोंद मागा आणि दोनच प्रश्न विचारा: माझ्या मानेवर उपचार करायचं कुणी, कधी ठरवलं? ते मला कधी सांगितलं? रागाचं एकही विशेषण घालू नका. सरळ उत्तर आलं, आणि पुढच्या प्रत्येक पेशंटला आधी विचारू असं कबूल केलं, तर तुमचं बरंचसं काम झालं. उडवाउडवीचं आलं, किंवा आलंच नाही, तर तेच पत्र पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

त्याच ईमेलमध्ये तिसरा प्रश्न घाला: तुमची नोंदणी कुठे आहे? कायरोप्रॅक्टिक १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला सुरू झालं. तिथे राज्यं त्याचे परवाने देतात. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने त्यांची वेगळी परिषद आहे. भारतात कायरोप्रॅक्टरची अशी स्वतंत्र परिषद नाही. काही जण परदेशातून पदवी घेऊन आलेले असतात, काही मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. फिजिओ असतील तर महाराष्ट्रात त्यांची ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, तक्रार तिथे जाते. एमबीबीएस किंवा त्यावरचे डॉक्टर असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. यातलं काहीच नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, कारण पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष असेल तर तिथे दाद मागता येते. दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. त्यामुळे आज घाईने ठरवायचं कारण नाही. कंबर पुन्हा त्यांच्याकडेच न्यायची का? उत्तर काय येतं ते बघून ठरवा. गेलात तर आत शिरताच ‘आज फक्त कंबर, मान नाही’ असं सांगा. मध्येच नकोसं वाटलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुम्हाला उपचाराच्या टेबलावर आडवं पडलेलं असतानाही आहे.

आता सासूबाई.

तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलात, पण मला पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच वाटला. तुमच्यावर जो प्रसंग आला तोच त्यांच्यावर येणार आहे, फक्त या वेळी टॅब पुढे करणाऱ्यांच्या बाजूला तुम्ही आणि तुमचा नवरा उभे असाल. चिडून सांगत नाही. तुमच्या घरात हे प्रेमापोटीच होतंय. समीरा कोहलींच्या आईनेही लेकीच्या काळजीपोटीच हो म्हटलं असणार. न्यायालयाने त्या आईचा होकार ग्राह्य धरला नाही, कारण लेक सज्ञान होती आणि तिला स्वतःला विचारता येत होतं. सासूबाईंनाही विचारता येतं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं म्हणजे निर्णयशक्ती जाणं नव्हे.

हॉस्पिटलं नातेवाइकांच्या सह्या का घेतात? सोय म्हणून, बिलाची हमी म्हणून आणि पुढे भांडण झालंच तर ‘मुलाला सगळं सांगितलं होतं’ असं म्हणता यावं म्हणून. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेत ऑपरेशनपूर्व लेखी संमतीच्या कलमात पती-पत्नी, अल्पवयीनांचे पालक आणि स्वतः रुग्ण असे सगळे एकाच ओळीत आले आहेत, त्यातून सोयीचा अर्थ काढता येतो. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या ऑपरेशनचा होकार त्याचाच लागतो. हे बायकांसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण त्यांच्या बाबतीत नवऱ्याची सही मागायची सवय फार मुरलेली आहे. गर्भपातासाठीसुद्धा कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही.

‘घाबरतील’ हे खरं असेल. पण न सांगितल्याने काय होईल ते बघा. गुडघा बदलल्यावर बहुतेक सर्जन खाली मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका असं सांगतात. तुमच्या सासूबाई पूजेला जमिनीवर बसतात का? भाजी निवडायला? गावच्या घरी भारतीय संडास आहे का? या गोष्टी त्यांना ऑपरेशननंतर कळल्या तर ‘मला आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न त्या तुम्हालाच विचारतील, डॉक्टरांना नाही. पुढचे काही महिने रोज दुखत असताना व्यायाम त्यांनाच करायचे आहेत. ‘किरकोळ आहे, आठवड्यात घरी’ एवढंच ऐकून गेलेली बाई तिसऱ्या दिवशी फिजिओला परत पाठवते. आणि भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा कोणत्या गोळ्या चालू आहेत, कवळी आहे का, पूर्वी कशाची ऍलर्जी झाली होती, हे सांगणार कोण? मुलाला यातलं निम्मंही माहीत नसतं.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची वाट न बघता, आत्ताच एखाद्या ओपीडीला त्यांना घेऊन जा, आणि डॉक्टर तुमच्या नवऱ्याकडे बघून बोलू लागले तर ‘डॉक्टर, आईंना सांगा, गुडघा त्यांचा आहे’ असं म्हणा. आजच बदलायला हवा का, वजन, व्यायाम, औषधं यांवर आणखी काही काळ निभेल का, हे विचारा. एकच गुडघा की दोन्ही, संसर्ग आणि पायात गुठळी होण्याचा धोका त्यांच्या साखर-बीपीमुळे वाढतो का, नवा सांधा साधारण किती वर्षं टिकतो (बहुधा पंधरा-वीस वर्षं असं उत्तर येईल), हेही. इम्प्लांट (म्हणजे तो नवा कृत्रिम सांधा) कोणत्या कंपनीचं आणि केवढ्याचं, हे आधी लिहून घ्या. ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्राची मर्यादा आहे. बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावून घ्या. संमतीपत्र मराठीत मागा आणि दोन दिवस आधी घरी आणा. भुलीचं संमतीपत्र वेगळं असतं, तेही. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू देऊ नका. घाईत सही मागितली तर ‘वाचून देतो’ एवढं म्हणायला लाजू नका. नंतर कागदपत्रांच्या प्रती हव्या असतील तर डॉक्टरांनी त्या मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात.

असंही होईल की सासूबाई म्हणतील, ‘मला नका सांगू ते सगळं, बाळ बघेल.’ मग बाळ बघेल. किती ऐकायचं हेही त्यांनीच ठरवायचं, फक्त ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, तुम्ही गृहीत धरून नाही. अशा वेळीही मांडी घालून बसता येणार नाही हे त्यांच्या कानावर घालाच, बाकीचं राहू द्या. सही त्यांची, आणि नवऱ्याने साक्षीदाराच्या रकान्यात करावी.

आणि सगळं ऐकून त्या ‘नको मला ऑपरेशन’ म्हणाल्या तर? गुडघा बदलणं हे तातडीचं ऑपरेशन नाही, सहा महिने थांबून काही बिघडत नाही असं बहुतेक वेळा डॉक्टरच सांगतील. तेव्हा हॉस्पिटलात ॲडव्हान्स भरला असेल तर तारीख पुढे ढकलल्यास तो परत मिळतो का, हे नवऱ्याला आजच विचारून ठेवायला सांगा.